एकच भोंगा

गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांतल्या अकराव्यावर
माझं दुकान. भोंगे, माईक, अँप्लिफायर.
चाळीस वर्षं आवाज वाढवून पोट भरलं.
गप्प करायचं काम क्वचित येतं,
आणि तेच अवघड.
मंगलाष्टकं चालू असताना तिसरा भोंगा शिट्टी मारायला लागला
तर मेन पाडणारा कारागीर नव्हे.
त्यानं नवरी अंधारात उभी राहते.
मांडवाच्या मागून, बोटांनी चाचपत,
त्या एकट्याची तार शोधायची.

महानंदाच्या खाटेशी बसून
हे मी पुतणीला सांगत होतो.
प्रणिता म्हणाली, "काका, नांदेडला मी हेच करते."

गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर तिनं पेशी काढली,
आपल्या गोलाईसारखीच गोल.
औषध एका गल्लीनं आत येतं.
पहिल्या वर्षी आलं, गाठ वितळली,
आम्ही गल्लीत पेढे वाटले.
मग पेशी शिकली.
"शिकली नाही काका.
ज्यांना आधीच येत होतं, त्या मागं उरल्या."
त्यांच्या भिंतीत पंप.
आलेलं औषध उपसून बाहेर,
रात्रंदिवस. बिल नाही, भारनियमन नाही.
दुसरं औषध आणलं, उपसलं.
तिसरं, बाजूचा गाळा विकून आणलेलं,
तेही.
केस मात्र दर वेळी गेले.

"मग पंपच जाळा की."
"जाळायचा नाही. पंप बनवा, अशी आतून चिठ्ठी निघते.
ती वाटेत फाडायची.
लिहिणारं जनुक जागेवरच राहतं,
लिहीत बसतं बिचारं.
चिठ्ठी तेवढी पोचत नाही."

तार. मला कळलं.

"पण ती फाडणारी कातर उघडी सोडली
तर रक्तच तिला खाऊन टाकतं.
तिला गाडी लागते. गाडीवरच सगळं अडलंय."

गाडी म्हटल्यावर महानंदानं डोळे उघडले.
लातूरच्या माणसाला गाडी काय सांगायची!
पाणी मिरजेत होतंच की.
नव्हत्या त्या वाघिणी.
पहिली आली त्या पहाटे ही घागर न घेता निघाली होती,
मी म्हटलं, रिकामी कशाला जातेस?
म्हणाली, भरलेली गाडी नुसती बघू तरी द्या.

दिवाळीनंतर पोटात पाणी झालं.
काढलं, तीन लिटर.
त्यातलं बाटलीभर प्रयोगाला द्यायचं म्हणून
महानंदानं कागदावर सही केली,
सावकाश, पूर्ण नाव, शेवटची वेलांटी पुन्हा गिरवून,
आणि बाटलीभर महानंदा
बर्फाच्या डब्यातून नांदेडच्या एसटीत बसली.

फाल्गुनात फोन आला. मी स्पीकरवर टाकला.
"काका, ताटलीत पंप गप्प झालाय!
सगळ्यांचा नाही. दहांतल्या सहांचा.
औषध सकाळपर्यंत आत राहिलं."
मागं कुठलं तरी यंत्र घरघरत होतं.
सवयीनं मी ऐकलं, बेअरिंग गेलंय.
"माणसाला कवा?"
"आधी उंदीर. मग..."
मगच्या पुढं किती वर्षं ते तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

महानंदानं उशीवर मान वळवली.
"तिथं ऐकूलालंय म्हण माझं.
इथं काऊन ऐकंना?"

कुणीच बोललं नाही.
एवढी शांतता मला कधी दुरुस्त करता आली नाही.

मग तीच म्हणाली,
"प्रणिता, गारठ्यात ठेवू नको गं त्यांना."
"सदतीसवर ठेवलंय काकू. तुमच्या अंगाइतकंच."
"माझं तर सकाळधरनं तापलंय," महानंदा म्हणाली,
आणि मी थर्मामीटर शोधायला उठलो.